खाट दोनची गुणी पोर

इस्पितळात तिला नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांसाठी ती आकडेबाई. वरच्या मजल्यावर, चादरींच्या कपाटांच्या मागे एक टेबल, एक संगणक आणि नीट बंद न होणारी एक खिडकी, एवढा तिचा संसार. खाली बाळांचा वॉर्ड. तिथल्या रडण्याचा आवाज जिन्यानं वर यायचा, आणि आकडेबाई खिडकीबरोबर दारही लोटून घ्यायची. बाळांची तिला भीती वाटायची. आकड्यांची नाही वाटायची, आणि तिथंच तर सगळा घोळ झाला.

काम तसं साधं होतं. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाच टोचून रक्ताचे चार थेंब जाड कार्डावर घ्यायचे, ते कार्ड लॅबला जायचं, आणि दुसऱ्या दिवशी लॅबकडून आकडे यायचे. गळ्यातली ग्रंथी नीट काम करते की नाही ते त्या आकड्यावरून कळतं. करत नसेल तर रोज एक बारीक गोळी, कुटून दुधातून. पहिल्या दिवसांत सुरू केली की मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटते, आणि गेलेलं परत येत नाही. वरून बाळ छान दिसतं, म्हणून तर ते थेंब.

थेंब घेणारी सिस्टर वयानं आकडेबाईपेक्षा मोठी. दिवसभर टाचा टोचते म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे, आणि तीही हाकेला ओ द्यायची. आकडेबाई तिला ताई म्हणे. दुपारी दोघींचा डबा एकत्र. ताईच्या डब्यात चार घास जास्तच असायचे, कारण आकडेबाई स्वयंपाकात किती पाण्यात आहे हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

कधीकधी कार्डावरचा डाग अपुरा पडायचा. लॅब ते कार्ड बाजूला टाकायची आणि त्या बाळाचा आकडा यायचाच नाही. कुणाचा आला नाही हे हुडकणं आणि त्या बाळाला पुन्हा टोचायला लावणं, हे आकडेबाईच्या अहवालाचं खरं काम होतं. ते तिनं आर नावाच्या संगणकाच्या भाषेत बसवलं होतं. नुकत्या जन्मलेल्या बाळांना नावं नसतात. वॉर्डात ती खाट एकचं, खाट दोनचं अशीच ओळखली जातात. मग तिनंही तसंच केलं. लॅबची फाइल वाचणारं एक फंक्शन, म्हणजे एका कामापुरत्या सूचनांचा गठ्ठा, लिहिलं, आणि ते फंक्शन प्रत्येक बाळाच्या खाटेवरून नाव जुळवून एकेक व्हेरिएबल तयार करायचं. व्हेरिएबल म्हणजे काय, चिठ्ठी चिकटवलेला डबा. वर लिहायचं ‘खाट_७’, आत आकडा. चिठ्ठ्या हातानं लिहायला नकोत, संगणकच लिहितो. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं.

पण फंक्शनच्या आत बनवलेले डबे फंक्शन संपलं की नाहीसे होतात. भाषेचा तसा नियमच आहे. त्यामुळे अहवाल छापणारं दुसरं फंक्शन डबे शोधायला आलं की काहीच नाही; एकेका खाटेपुढे ‘सापडत नाही, सापडत नाही’ छापत बसायचं. तिला ही भाषा शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, की असे सुटे डबे करूच नकोस, खणांचा एकच मोठा डबा कर आणि तो हातोहात पुढे दे. आणि काहीही झालं तरी फंक्शनच्या आतून बाहेर हात घालू नकोस. पण त्यासाठी सगळं नव्यानं लिहावं लागलं असतं, आणि अहवाल उद्या हवा होता. आकडेबाईनं एका ओळीत एक शब्द वाढवला, आणि डबे आत बनायच्या ऐवजी बाहेर, सगळ्यांच्या ओट्यावर बनायला लागले. लगेच चाललं. चाललेल्या गोष्टीकडे पुन्हा कोण बघतं?

संध्याकाळी बंद होताना तो प्रोग्राम विचारायचा, हे सगळं जपून ठेवू का? ती रोज म्हणायची, ठेव. जपून ठेवण्यात वाईट ते काय?

वाईट एवढंच, की बाहेरचा डबा आपोआप रिकामा होत नाही. खाट सातवर आज नवं बाळ आलं, त्याचा आकडा लॅबकडून आलाच नाही, तर त्या चिठ्ठीच्या डब्यात आदल्या बाळाचा आकडा तसाच पडून. आणि अहवाल तो इमानेइतबारे छापणार, वर आजची तारीख घालून.

गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण बघा, त्या दिवसापासून इस्पितळ खूश होतं. आता कुठल्याच बाळाला दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत टाचणी सिस्टरचं नाव घेतलं. सिस्टर आपल्या हातांकडे बघत म्हणाली होती, बसला बाई हात एकदाचा. आकडेबाईनंही टाळ्या वाजवल्या. तेव्हा तिला खरंच काही माहीत नव्हतं, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पुढचं तिच्या बाजूनं सांगता येत नाही.

सोमवारी बाळांचे डॉक्टर स्वतः जिना चढून वर आले. खाट सातचं म्हणून घरी गेलेलं एक पोरगं परत आलं होतं. अंग सैल, कावीळ उतरेना, दूध ओढेना. पुन्हा रक्त बघितलं तर ग्रंथीचं काम जवळजवळ शून्य, म्हणून गोळी लगेच सुरू केली. आणि जन्मावेळचा अहवाल तर अगदी ठणठणीत. लॅबकडून तेव्हा नेमकं काय आलं होतं ते बघून सांगा, एवढंच त्यांना हवं होतं.

तिनं फाइल उघडली. सहा होती, आठ होती. सात नव्हतीच. बोटं आपोआप मागच्या फायलींकडे गेली. त्याच खाटेवरच्या आधीच्या बाळाची सात सापडली, आणि आकडा तोच, दशांशासकट तोच. डॉक्टर दारातच उभे होते, घाईत, चष्मा पुसत.

“अहवालात आहे तेच आलं होतं,” ती म्हणाली.

का म्हणाली? विचारू नका, तिनंही स्वतःला हजारदा विचारलं. तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर त्याच्यामागे दुसरं खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही, नुसतं गप्प बसलं की पुरत होतं. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे कार्डावरचं रक्तच दुसऱ्या बाळाचं होतं, ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मंगळवारी सिस्टरला वॉर्डातून काढून कोठारात बसवलं, चौकशी होईपर्यंत. कापूस, पट्ट्या, हातमोजे मोजायचे. बाळांना हात लावायचा नाही. दुपारी ती डबा घेऊन कोठाराच्या पायरीवर बसली होती, आणि आकडेबाई शेजारी जाऊन बसली. न जाणं म्हणजे कबूलच करण्यासारखं, असा तिचा हिशेब. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सिस्टर रागावली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती भांडत नव्हती. ती आठवत होती. त्या दिवशी दोन बाळं एकदम रडत होती, एकाची आई चक्कर येऊन पडली होती. तेव्हाच कार्डं इकडची तिकडे झाली असतील. “माझ्याच हातून झालं गं,” ती म्हणाली. “आठवत नाही, पण झालंच असणार.” आणि आपला डबा आकडेबाईकडे सरकवला, कारण हिनं आपला उघडलाच नव्हता. आकडेबाईनं घास घेतला. मग दुसराही घेतला.

त्याच दिवशी वर जाऊन तिनं गुपचूप एक ओळ वाढवली. रोज सकाळी आधी ओटा रिकामा करायचा, मग फाइल वाचायची. म्हणजे यापुढे नाही होणार, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकल्यासारखं केलं.

बुधवारी अहवालात किती तरी दिवसांनी ते शब्द आले: खाट अकरा, सापडत नाही. खाली लगेच गलका झाला. सिस्टरच्या जागी आलेली नवी पोरगी रडकुंडीला आली, कारण पहिल्याच दिवशी तिचा डाग अपुरा पडला. बघा, टाचणीचा हात तरी चांगला होता, असं कुणी म्हणालं; हात चांगला, पण लक्ष नाही, असं दुसरं कुणी म्हणालं. आकडेबाईनं दार लोटून घेतलं. आता तिच्या खात्यावर दोघी झाल्या होत्या.

आणि त्या दोघींच्या मागे अजून कोण कोण होतं, तेही तिला ठाऊक होतं. हे नीट समजून घ्या. डाग अपुरे पडतातच, आधीही पडायचे. मग इतके महिने एकही कसं सापडेनासं झालं नाही? ज्या ज्या बाळाचं कार्ड लॅबनं टाकून दिलं, त्या प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा मिळाला होता. त्यातली बहुतेक ठणठणीतच असणार, असली बाळं हजारात एखादंच. पण एखादं असतं. हे तिला सोमवारीच, डॉक्टर दारात उभे असतानाच कळलं होतं. कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. बघितलं की सांगावं लागतं, म्हणून ती बघत नव्हती.

घरी तिचे वडील होते, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले. जेवताना त्यांनी विचारलं, तोंड का पाडलंयस? कामात चूक झाली, एवढं ती बोलली. त्यांनी विचारलं, दुरुस्त केलीस? केली, ती म्हणाली. मग झालं तर, असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं, आणि जरा वेळानं म्हणाले, ज्याचं घड्याळ होतं त्याला सांगितलंस ना, की तो अजून जुन्याच वेळेवर चालतोय? म्हाताऱ्यांना सगळं घड्याळातच दिसतं, असं ती एरवी म्हणाली असती. त्या दिवशी नुसती ताट घेऊन उठली.

गुरुवारी दुपारी ती डब्याला खाली गेली नाही. डबे बाहेर काढणारा तो शब्द घातल्यापासूनच्या सगळ्या जुन्या फायली तिनं पुन्हा एकेक करून चालवल्या, प्रत्येक वेळी ओटा आधी रिकामा करून. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. सापडत नाही. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, सापडत नाही. जे शब्द बंद व्हावेत म्हणून तिनं एवढी हुशारी केली होती, तेच शब्द. यंत्र बिचारं पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. हिनं त्याच्या तोंडात दुसऱ्याचा आकडा कोंबला होता.

“जेवायला आली नाहीस?”

दारात सिस्टर. हातात डबा. कोठारातून दोन मजले चढून आली होती, धाप लागली होती.

आकडेबाईनं पडदा झाकला नाही. झाकायला हात उचलला होता, पण मग खाली ठेवला. तिनं सगळं सांगितलं. डबे, चिठ्ठ्या, सातवर राहिलेला आधीचा आकडा. “ताई, तुमची कार्डं अदलाबदल झालीच नव्हती. माझं चुकलं. मला सोमवारपासून माहीत आहे.”

सिस्टर पडद्याकडे बघत होती. भाषा तिला कळत नव्हती, पण खाटा कळत होत्या, तारखा कळत होत्या. आपल्या नावावरचा डाग पुसला गेला, याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

“ही सगळी बाळं आत्ता घरी आहेत?” तिनं विचारलं.

“हो.”

“आणि तू बसलीयस काय?”

डॉक्टरांपुढे आकडेबाई पुन्हा सगळं बोलली. या वेळी सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, गेलं नाही. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फोन ओढला आणि घरोघरी स्वतः फोन लावायला सुरुवात केली, उद्या सकाळी बाळ घेऊन या म्हणून. मध्येच फोनवर हात ठेवून ते म्हणाले, सोमवारी मी तुमच्या दारातच उभा होतो. एवढंच. मग पुढचा नंबर लावला.

शुक्रवारी सिस्टर परत वॉर्डात आली. वऱ्हांड्यात आया, आज्या, बाप, गुंडाळलेली बाळं, दुपट्यांचा नुसता बाजार. सिस्टरनं वर निरोप धाडला, आकडेबाईला खाली पाठवा, पाय धरायला माणूस हवाय. माणसं होती. पण आकडेबाई गेली. जन्मात पहिल्यांदा तिनं एवढासा पाय मुठीत धरला. अख्खं पाऊल तिच्या अंगठ्याएवढं. घट्ट धर, सिस्टर म्हणाली, आणि सुई टोचली. बाळ असं किंचाळलं की हिच्याच डोळ्यांत पाणी आलं. दुसरं किंचाळलं, तिसऱ्यानं तर लाथ मारून कार्डच उडवलं. प्रत्येक किंकाळीबरोबर सिस्टरचा चेहरा जरा सैल होत होता. का ते आकडेबाईला हळूहळू कळलं.

मग एक शिलाईकाम करणारी बाई आली, गळ्यात अजून मोजायची टेप, घाईत काढायची राहिलेली. तिची पोर खाट दोनची. गोरीगोमटी, गाल वर आलेले, पापण्या जड. आकडेबाईनं पाय धरला; तो गार होता. सिस्टरनं सुई टोचली. पोरीनं डोळे अर्धवट उघडले, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा मिटले.

“गुणी आहे हो माझी,” आई कौतुकानं म्हणाली. “रडतच नाही. उठवून पाजावं लागतं.”

सिस्टरनं मान वर केली नाही. तिनं चारही थेंब भरभरून घेतले, टाचेवर कापूस दाबला आणि ते कार्ड बाकीच्यांबरोबर न ठेवता शिपायाच्या हातात देऊन लगेच लॅबला पिटाळलं. निकाल संध्याकाळी आला. बाकी सगळी बाळं ठीक होती. खाट दोनच्या पोरीचा आकडा तळाला गेलेला होता. त्याच संध्याकाळी पहिली गोळी दिली. पुढचं तिच्या वाढीवरून कळेल, डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचा प्रत्येक दिवस महत्त्वाचा असतो. त्यांनी आकडेबाईकडे बघितलं नाही, आणि बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

चौकशी आटोपली. आकडेबाईला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. तिनं सगळं नव्यानं लिहिलं, मॅडमनी सांगितलं होतं तसं, खणांच्या एका डब्यात, आणि संध्याकाळच्या त्या प्रश्नाला आता ती नाही म्हणते. एका दुपारी ती धीर करून खाली गेली आणि सिस्टरच्या बाकावर आपला डबा ठेवला. सिस्टर जेवत होती. तिनं जागा करून दिली, आपला डबा मात्र सरकवला नाही.

“चुकीचं म्हणशील तर ती मी तेव्हाच विसरले,” ती म्हणाली. “माझ्याही हातून होतात. पण मी स्वतःला पापी समजत होते, आणि तू शेजारी बसून माझ्या डब्यातलं खात होतीस. ते विसरायला वेळ लागेल.”

आकडेबाई हो म्हणाली. दोघी आपापल्या डब्यातलं जेवल्या.

पुढच्या तपासणीला शिलाईवाली पोरीला घेऊन आली, तेव्हा वॉर्डात शिरायच्या आधीच आवाज आला. पोर टाहो फोडत होती. पाय झाडत होती, दुपट्यातून सुटत होती. आई वैतागलेली, औषध सुरू केल्यापासून किरकिरी झाली म्हणून. सिस्टर हसली, कितीतरी दिवसांनी. रडू दे, ती म्हणाली, भरपूर रडू दे. आकडेबाईनं पाय धरला. तो गरम होता, आणि मुठीतून निसटत होता.

आईनं तिला ओळखलं. “तुम्हीच ना त्या? डॉक्टर म्हणाले, वरच्या बाईंनी जुने कागद तपासले म्हणून कळलं. देव तुमचं भलं करो.”

डॉक्टरांनी तिच्या चुकीवर घातलेलं ते पांघरूण होतं. गप्प बसायचं, मान हलवायची, की झालं. गप्प बसणं तिला जमत होतंच.

“तपासले मीच,” आकडेबाई म्हणाली. “पण घोळही माझाच होता. आणि कळल्यावर मी तीन दिवस कुणाला बोलले नाही. सोमवारी कळलं होतं, गुरुवारी सांगितलं.”

सिस्टरचा हात थांबला होता. पोर तेवढी रडत होती.

“कोणता सोमवार?” आईनं विचारलं.

तिनं तारीख सांगितली.

आईनं जरा वेळ आठवलं. “त्या दिवशी हिला महिना झाला,” ती म्हणाली. “घर माणसांनी भरलं होतं. मी प्रत्येकाला उचलून दाखवत होते, बघा म्हटलं, किती गुणी आहे, जरा म्हणून रडत नाही.”

मग तिनं पुढे होऊन पोरीचा पाय आकडेबाईच्या मुठीतून सोडवून घेतला, स्वतःच्या हातात घट्ट धरला आणि सिस्टरला म्हणाली, टोचा.